गाडीला पाजलेलं गोडं पाणी

मी चौथीपर्यंत शिकलो, फिरवून लिहायला जमत नाय. माझी बायको दिवाळीच्या आधी गेली आणि तिला मालकांच्या त्या मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवून एकदासुद्धा माहेरी नेता आलं नाय. आठवणी लिहायला घेतल्या की हीच एक आठवण पुढं येऊन बसते. म्हणून आधी हीच लिहितो.

मी उभा जन्म एकाच मालकाकडं ड्रायव्हर होतो. मालकांची करमाडला मोसंबीची बाग होती, शहरात बंगला होता, आणि त्यांना मोठ्या गाड्यांचा लई शौक. आधी एक काळी होती, तिचं दार तिजोरीसारखं जड. मग ही पिस्ता रंगाची अमेरिकन आली. बॉनेट एवढं लांब की त्यावर माणूस पाय पसरून झोपला असता. गियरचा दांडा स्टिअरिंगलाच. पुढची सीट अख्खी, सोफ्यासारखी. ब्रेक लावला की नाक खाली घालायची, सोडला की उचलायची. खड्ड्यातून गेली तरी मागच्या माणसाच्या कपातला चहा सांडत नसे. शहरातल्या जुन्या मकई दरवाज्याच्या कमानीतून काढताना दोन्हीकडं चार-चार बोटं जागा राहायची. मालक मागून म्हणायचे, "श्वास रोखू का रे?" मी म्हणायचो, "तुम्ही घ्या मालक, गाडीनं रोखलाय." माझ्या हातून तिला एक ओरखडा गेला नाय. आजकालच्या गाड्या बोटानं वळतात. ती खांद्यानं वळवावी लागायची, आणि वळली की अंगात रुबाब यायचा. खोटं कशाला सांगू, ती चालवताना मी स्वतःला कुणीतरी मोठा समजायचो.

आम्हा ड्रायव्हर लोकांत तेव्हा एक रीत होती. मालकाच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाय. कुणी बसवलं तर बाकीचे त्याच्याकडं बघून थुंकायचे. मी ती रीत शेवटपर्यंत पाळली. गाडी रिकामी घेऊन मी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायचो, बायको दोन घागरी घेऊन टँकरच्या रांगेतून परत येत असायची, आणि मी हॉर्नसुद्धा न वाजवता पुढं जायचो. घरी आलो की म्हणायची, "आज एक साहेब गेला बाई समोरून. वळखीचा वाटला."

दुष्काळाची ती सालं. धरणात माती दिसत होती. बंगल्यात बोअर होतं, पण त्याचं पाणी खारं, जड. ते रेडिएटरमध्ये घातलं की जाळीत क्षार धरतो आणि गाडी करमाडच्या आधीच उकळते. तिला गोडं पाणी लागायचं. गोडं पाणी आमच्या गल्लीत टँकरनं यायचं, आणि ते भरायची माझी बायको, सकाळपासून रांगेत उभी राहून. त्यातली एक कळशी मी सायकलला बांधून बंगल्यावर न्यायचो.

"गाडीला गोडं आणि लेकरांना खारं," ती म्हणायची. "मला एक सांगा, मी गाडी झाले तर मला पाजाल का?"

"तुला चाकं नायत," मी म्हणालो.

"म्हणून तर चालत जाते रांगेला."

एकदा बागेच्या वाटेवर मी कळशी काढून रेडिएटरमध्ये ओतत होतो. मालकांनी विचारलं, पाणी कुठलं? मी सांगितलं. बाग वाळत होती, झाडाखाली वाळकी मोसंबी पडली होती, आणि त्या दिवशी त्यांचं मन जरा वेगळं होतं. म्हणाले, "ह्या गाडीनं तुझ्या बायकोचं पाणी प्यायलंय. एक दिवस ही गाडी तिची. माहेरी नेऊन आण तिला, देवगाव रंगारीला. मागं बसव." त्यांचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तोही त्या दिवशी सोबत होता, पुढं माझ्याशेजारी बसायला निघाला होता. हसून म्हणाला, "मामा, मी साक्षीदार."

त्याच आठवड्यात नेलं असतं तर? किल्ली माझ्या घरातल्या खिळ्याला टांगलेली असायची. पण मीच म्हणालो, "नको मालक. नोकरीतून मोकळा झालो की नेईन." मागच्या सीटवर मालक बसतात, तिथं माझी बायको कशी बसवायची, हे माझ्या डोक्यात. रीत मोडायची नव्हती ना मला.

मालकांचा शब्द मी घरी सांगितला. तर ती माहेरी भावजयीला सांगून बसली. झालं. त्यानंतर आम्ही यष्टीनं देवगावला उतरलो की तिचा भाऊ फाट्यावर उभा राहून ओरडायचा, "दाजी, गाडी कुठं लावली? सावलीत लावली ना? रंग उडंल!"

पुढं शहर वाढत गेलं. वाळूजला कंपन्या झाल्या, करमाडकडच्या जमिनींना मोल आलं, बाग तोडून प्लॉट पाडले. मालक वारले. मुलगा भाऊसाहेब झाला, त्यानं नव्या गाड्या घेतल्या. पिस्ता गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. मी नोकरी सोडली तरी दर रविवारी जाऊन चालू करून यायचो. बायकोला तोवर दम लागायला लागला होता. चार पायऱ्या चढली की बसायची. एक दिवस म्हणाली, "आता मोकळे झालात की. का मला तिरडीवरच नेणार देवगावला?"

मी भाऊसाहेबाकडं गेलो. म्हणाला, "मामा, विचारायचं काय त्यात? बाबांचा शब्द आहे. रविवारी घेऊन जा."

शुक्रवारी जाऊन गाडी पुसली, मागची सीट ओल्या फडक्यानं साफ केली, घरून गोडं पाणी नेऊन रेडिएटर भरला. रविवारी सकाळी ती हिरवं लुगडं नेसली, भावजयीला बांगड्या घेतल्या, आणि आम्ही रिक्षानं बंगल्यावर आलो. तिला वॉचमनच्या खुर्चीवर बसवून मी शेडकडं गेलो.

शेड रिकामी. खाली तेलाचा डाग आणि घडी घातलेली ताडपत्री.

वॉचमन म्हणाला, "कालच ट्रकवर चढवून नेली. जालना रोडच्या हॉटेलवाल्यानं शोसाठी घेतली."

भाऊसाहेब बाहेर आला. कपाळावर हात मारला. "अरे मामा! डोक्यातूनच गेलं बघा. त्यांना उद्घाटनाची घाई होती. थांबा, मी दुसरी गाडी देतो. एसी आहे. सोबत ड्रायव्हर पण देतो."

ड्रायव्हर पण देतो म्हणाला. मला.

बायको खुर्चीवरून उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ड्रायव्हर हाय माझ्याकडं." आणि गेटाबाहेर चालायला लागली.

मी म्हणालो, घरी जाऊ. ती म्हणाली, "भाऊ फाट्यावर उभा असंल. यष्टी धरा." दौलताबादच्या घाटात तिला दम लागला. खिडकी उघडून बाहेर बघत बसली. देवगावच्या फाट्यावर भाऊ होताच. आम्हाला यष्टीतून उतरताना त्यानं बघितलं, तरी तोंड उघडलं, "दाजी, गाडी..."

ती मधेच म्हणाली, "तुमच्या गावात शिरंल का ती? केवढी मोठी. माघारी पाठवून दिली."

भावानं माझ्याकडं बघितलं. त्यानं काय ओळखायचं ते ओळखलं. त्या दिवसापासून त्यानं गाडीचं नाव काढलं नाय. चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

ती गेल्यावर मी एकदा त्या हॉटेलवर गेलो. गाडी दारात काचेच्या छपराखाली उभी. मागच्या सीटवर लोक बसून फोटो काढतात. तिथल्या वॉचमनला म्हणालो, बॉनेट उघडून दाखव. त्यानं उघडलं. आत इंजिन नाय, रेडिएटर नाय. दोन पाट्या ठेवल्या होत्या, त्यांत प्लास्टिकची फुलं. "बसा की आजोबा मागं, काढतो फोटो," तो म्हणाला. मी नाय बसलो.

बायकोचं दिवसकार्य व्हायच्या आधी भाऊसाहेब भेटायला आला होता. नव्या गाडीतून, ड्रायव्हर बाहेर उन्हात उभा. माझ्यासमोर बसून म्हणाला, "मामा, काही लागलं तर सांगा. तुम्ही घरचेच." सुनेनं रीतीप्रमाणं तांब्या-पेला आणला. आमच्या घरात दुष्काळातसुद्धा दारी आलेला माणूस पाण्यावाचून गेला नव्हता, तेवढं बायकोनं जपलं होतं.

मी सुनेला म्हणालो, "त्यांना नको. बाहेर ड्रायव्हर उभा हाय, त्याला दे."