बाबांची दाढ आणि साउंड कार्ड

आमच्या आसगावात धान विकायला नेण्याआधी दाणा दाढेखाली धरून फोडतात. कट्ट असा आवाज आला की धान सुकला. नुसता दबला की अजून ऊन द्यायचं. गावात हे काम माझ्या बाबांचं. त्यांनी "न्या" म्हटलेला धान खरेदी केंद्रावरून कधी परत आला नाही, हीच त्यांची अब्रू. मागच्या वर्षी त्यांच्या दाढा काढाव्या लागल्या. कवळीखाली काही कळेना. तरी लोक मूठभर दाणे घेऊन येतच, आणि बाबा ते उगीच चघळत बसत.

मी नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. रिकामा वेळ मिळाला की डोकं भलतीकडे धावतं. जुन्या कॉम्प्युटरमधलं साउंड कार्ड, म्हणजे आवाज पकडून त्याची चिरफाड करणारा भाग, कशाकशाला वापरता येईल यावर मित्रांच्या ग्रुपवर माझं पाल्हाळ चाले. आईची मालिका सुरू असताना कुकरच्या शिट्ट्या त्यानं मोजाव्यात. लग्नात कोणता पाहुणा खरंच तृप्त झाला ते ढेकरावरून सांगावं. त्यातच सुचलं, बाबांना नवी दाढ करून देऊ.

पकडीला माईक चिकटवला. पकडीत दाणा फोडायचा, की पडद्यावर हिरव्या अक्षरांत "सुकला". बाबा हरखले. दिवसभर दाणे फोडत बसले. पण मी एकदा भिजवलेला हरभरा धरला तरी मशीन "सुकला"च म्हणायची, कारण ती ऐकत होती पकडीचा आवाज. हे मी पाहिलं, पोट धरून हसलो, ग्रुपवर व्हिडिओ टाकला. बाबांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, गंमत मोडावीशी वाटली नाही.

शेजारच्या काकांचा धान निघाला तेव्हा बाबांनी पकडीत दाणा फोडला आणि मला विचारलं, "पक्का सुकला ना, बाबू?"

"मशीन म्हणते ना, बाबा!" मी हसत म्हणालो.

आम्हीही सोबत गेलो. केंद्रावर ओलावा मोजला. धान ओला निघाला. भरली ट्रॉली परत. रांगेतले लोक बघत होते. काका चिडून म्हणाले, "भाऊ, तुमीच तं न्या म्हनलं होतं!"

बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. "मशीन तं ओला सांगून रायली होती," ते म्हणाले. "मीच आयकलो नाई. माही चूक."

मी बोलायला हवं होतं. चार लोकांत माझी हुशारी शाबूत राहिली आणि बाबांचं नाव गेलं, आणि मी ट्रॉलीच्या चाकाकडे बघत उभा. अजून आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काही दिवसांनी काका पुन्हा धानाची मूठ घेऊन आले. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. त्यांना ओलांडून काका सरळ माझ्याकडे आले. मशीन बिघडली, असं मी सांगितलं. बाबांनी हात पुढे केला. दाणे तळहातावर घोळवले आणि हळूच म्हणाले, "आनखी एक ऊन द्या."

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय करू, बाबू? भाऊचं आयकू काय?"