शिंपीमास्तरचा डावा हात

शिंपीमास्तरने घरमालकाला एका पँटवरून मारलं, अशी कुजबुज होती. सात वार केले, कात्री पुसली आणि त्याच कात्रीने संध्याकाळी एका नवरदेवाचा कोट कापला. कोटाच्या अस्तरावर म्हणे अजून डाग आहे. त्या नवरदेवाची बायको वर्षाच्या आत माहेरी निघून गेली, तेही लोकांनी त्या कात्रीच्याच माथी मारलं. हे सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कोट मास्तरकडचेच असायचे, त्यामुळे सांगताना आवाज खाली आणि कॉलर ताठ.

आता हा मास्तर कसा, तर किडकिडीत. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं नाकातून. दुकानात पाल दिसली की स्टुलावर चढून ताईला हाक मारणारा. ताई ही त्याची थोरली बहीण. लग्न का नाही केलं असं कोणी विचारलं, तर भावाकडे बोट दाखवून म्हणायची, "एक सांभाळतेय तेवढा बास झाला."

दुकान दोन खोल्यांचं. पुढे आरसा, शिलाई मशीन, मास्तर आणि मास्तरची कीर्ती. मग पडदा. पडद्यामागे लांबलचक टेबल, ताई आणि मागच्या बोळात उघडणारं दार. गिऱ्हाइकांना वाटायचं, ती आत बसून काजं करते. खरं तर कापड बेतायची आणि कापायची ती. मास्तरच्या ज्या हाताची लोक तारीफ करत, तो हात ताईचा होता, आणि तोही डावा. मास्तर माप चोख घ्यायचा, शिवायचाही सुरेख. पण कात्री हातात आली की एक बाही मनगटाशी आणि दुसरी कोपराशी. पंधरा वर्षं भावाबहिणीने ही गोष्ट पडद्याबाहेर जाऊ दिली नव्हती. बाईने कापलेला कोट घालायचा म्हणजे छाती रुंद लागते, आणि तेवढ्या छातीचं माप मास्तरच्या वहीत एकही नव्हतं.

तर एका दुपारी घरमालक पडद्यामागे मेलेला सापडला. मानेत कात्री. शेजारी मास्तर, दोन्ही हात लाल. ताई डोकं दुखतंय म्हणून घरी गेलेली, असं मास्तरने सांगितलं आणि त्यानंतर तोंडातल्या टाचण्या गिळल्यासारखा गप्प बसला. पोलिसांना आणखी काय हवं?

वकील तरुण होता आणि खुनाचा हा त्याचा पहिलाच खटला. पोराने कमाल केली. कात्री न्यायाधीशांपुढे धरली आणि म्हणाला, "ही डावखुऱ्या माणसाची कात्री आहे. वार समोरून, मयताच्या मानेच्या उजव्या बाजूला. म्हणजे हातही डावाच. आणि माझा अशील बघा." मग मास्तरच्या उजव्या हातात तीच कात्री देऊन कापड कापायला लावलं. कात्री कापड नुसती चघळत राहिली. कोर्ट हसलं. मास्तर निर्दोष सुटला.

सुटलेल्या माणसाचा चेहरा इतका पडला की शिपायाने पाणी आणून दिलं. वकिलाने त्याच्या गळ्यातला फास काढला होता खरा, पण जाता जाता तो नेमका ताईच्या मापाचा करून ठेवला होता.

फौजदार काही मूर्ख नव्हता. आठवड्यात दुकानावरून तीन चकरा झाल्या. "काय मास्तर, बरं आहे ना? ताई दिसत नाहीत. दुकानात डावखुरं कोण हो?"

"जुनी कात्री होती, साहेब. कोणा जुन्या कारागिराची असेल."

मास्तर धावत वकिलाकडे गेला. वकील अजून हवेतच होता. "घाबरू नका हो. सरकारला अपिलाची मुदत नव्वद दिवस. ती उलटली की हा खून तुमच्यावर पुन्हा घालता येत नाही. मग चौकात उभं राहून मीच मारला म्हणून ओरडलात तरी!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

मास्तर हसला नाही. घरी येऊन त्याने भिंतीवर खडूने पहिली रेघ मारली.

"वेडा झालास का?" ताई म्हणाली. "मी जाते फौजदाराकडे, सांगून टाकते."

"काय सांगशील? सुरुवात कुठून करशील?"

ताईने जुनी चादर टेबलावर पसरली आणि एक दुसरी डावखुरी कात्री त्याच्या डाव्या हातात कोंबली.

नव्वद दिवस त्या खोलीत चादरींचे बळी पडले. "अंगठा मोकळा ठेव. कापड नको ओढूस, कात्री पुढे ने. अरे, खुनी व्हायला निघालास आणि सरळ रेघ कापता येत नाही?"

"ताई, फोड आलाय."

"येऊ दे. कोर्टात दाखवायला हवा होतास."

एक्क्याण्णवाव्या दिवशी सकाळी मास्तर दाढीला बसला आणि साबणाच्या फेसातून म्हणाला, "घरमालकाला मीच मारलं."

न्हाव्याचा वस्तरा हवेत राहिला. बाकावरच्या तिघांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"का?" न्हाव्याने विचारलं.

कारण ठरवायचं राहूनच गेलं होतं. मास्तरने आरशात पाहिलं आणि तोंडाला आलं ते बोलला. "माझ्या पँटला पोतं म्हणाला."

चौघांनी माना डोलावल्या. त्यांच्या मते कारण पुरेसं होतं.

संध्याकाळपर्यंत गाव पेटलं. एकाचे तीन वार झाले, तिनाचे सात. त्यातले दोन मास्तरने स्वतः वाढवले, कारण ऐकणारा लांबून आला होता. वकिलाने रस्ता बदलला. फिटिंगची तक्रार कायमची बंद झाली. पायजमा घोट्याच्या वर राहिला तरी लोक म्हणायचे, "छान, हवा खेळती राहते." ताई मात्र तडकली.

"सात? एकात गेला तो."

"लोकांना एकात मजा येत नाही, ताई."

"कोट माझे, नाव तुझं. आता हेही तुझंच."

मग फौजदार आला. बगलेत फाइल, हातात खाकी कापड आणि कागदात गुंडाळलेली ती कात्री. पडदा बाजूला सारून तो थेट आत गेला. ताई उठून भिंतीला टेकली. डावा हात तिने पदराखाली घेतला.

"तुम्हाला मी काही करू शकत नाही, मास्तर," फौजदार म्हणाला. "पण खोटं बोलत असाल, तर खरा माणूस अजून मोकळा आहे. माझी पँट कापा. डाव्या हाताने."

मास्तरने माप घेतलं, खडूने आखलं, कात्री डाव्या हातात घेतली. पहिल्या बोटभर अंतरात ती अडली. मग अंगठा मोकळा झाला, कात्री पुढे सरकत गेली आणि खाकी कापड आखलेल्या रेघेवर दोन्हीकडे पडलं.

फौजदाराने कडेवरून बोट फिरवलं. "कोर्टात का नाही कापलंत?"

"कोर्टात उजव्या हातात दिली होती, साहेब."

फौजदार बराच वेळ ताईकडे बघत राहिला. मग फाइल बंद करून म्हणाला, "कमरेत जरा सैल ठेवा."

मास्तरने आयुष्यात कापलेली धड अशी ती एकच पँट. पुढची वीस वर्षं तो पडद्याच्या पुढे खुनी म्हणून मिरवला आणि पडद्यामागे ताईच्या शिव्या खात राहिला. आता दोघंही नाहीत.

नवरदेवाच्या कोटावरचा डाग चहाचा होता. घरमालक त्या दुपारी मागच्या दाराने आला, ताई एकटी आहे हे बघितलं आणि कडी आतून लावली. ताईने एकच वार केला. मास्तर बटणं आणायला गेला होता; परतल्यावर त्याने ताईला मागच्या दाराने घरी धाडलं आणि स्वतःचे हात लाल करून घेतले. ती बटणं त्याच्या खिशात सापडली, पंचनाम्यात नोंद आहे: बारा, तपकिरी. ती केव्हा घेतली, हे कोणी विचारलं नाही.