मोटरीचं दसऱ्याचं जेवण

दसरा ते धनत्रयोदशी हेच आमचे खरे कामाचे दिवस. भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या पुढे, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा आमचा गाळा आहे. धनत्रयोदशीला लोकांना चकचकीत पातेलं हवं असतं, आणि ते चकचकीत करणारी मोटर आमच्याकडे एकच. दरवर्षी नेमकं याच दिवसांत तिचं बेअरिंग जातं. घालवतात आमचे बाबा.

दसऱ्याला मशीन पुसून, हार घालून झाला की बाबा ग्रीसगन हातात घेतात. सणाच्या दिवशी कुणी अर्धपोटी उठायचं नाही, हा त्यांचा कायदा. आम्ही नको नको म्हणताना ताटात पुरी पडते, तसंच मोटरीला ग्रीस, पार बाहेर ओघळेपर्यंत. ठासून भरलेल्या ग्रीसमध्ये बेअरिंग तापतं, मोटर जड फिरते, जास्त करंट खेचते आणि ओव्हरलोड रिले तिला बंद करतो. तो आहे म्हणून निदान मोटरीच्या आतल्या तारांचं वाइंडिंग जळत नाही. बाबा शिव्या घालतात त्या रिलेलाच.

सांगून पाहिलं. "तू जन्मायच्या आधीपासून मोटरी चालवतोय मी," एवढंच उत्तर. गेल्या वर्षी मी ग्रीसगन लपवली. बाबा दारात स्टूल टाकून बसले, जेवायलाही उठले नाहीत. हात थरथरायला लागल्यापासून आम्ही त्यांना चालत्या मशीनजवळ जाऊ देत नाही. वर्षातलं हे एकच काम त्यांच्याकडे उरलंय. मला बघवेना. संध्याकाळी गन काढून दिली.

यंदा काहीच लपवलं नाही. ते भरत होते, मी बघत उभा होतो. नंतर गुपचूप उपसावं म्हटलं, तर ते रोज माझ्याआधी येऊन गाळ्यात हजर. आठवडाभरात मोटर कण्हायला लागली आणि काल दुपारी रिले पडून ती बंद झाली.

"सेठ, फिर गया," कारागीर म्हणाला. पातेल्यांची थप्पी तशीच पडलेली, व्यापाऱ्याचा फोन वाजतोय.

बाबांनी बंद मोटरीवर हात ठेवला. चटका बसला असणार, पण लगेच काढला नाही.

"ताप आलाय हिला," ते म्हणाले. "या खेपेला कमीच दिलं आपण. आण बघू गन."

मी गन आणून दिली. थरथरत्या हाताने तिचं तोंड मोटरीच्या ग्रीस भरायच्या निपलवर बसेना, तेव्हा तो हात मीच धरला.