बिस्किटं की काजू?

बंद दाराआडून खुर्च्या ओढल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा शाळेत शिपाई म्हणून नवीन होतो. हातात चहाचा ट्रे. आत संस्थेचे चिटणीस आणि शिक्षक यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. एकदम खुर्च्या वाजल्या. मला वाटलं, झाली मारामारी! दार उघडलं, तर सगळे हसत बाहेर आले. कशावर मिटलं, ते मात्र कुणी सांगेना.

तेव्हाच, दाराबाहेर उभं राहणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात तेवढे कुणाकडेच साठत नाहीत, हे मला कळलं. मी सातवी शिकलेला. मुलं मला मामा म्हणतात. रिटायर झालो, पण माझ्या जागी सरकारनं कुणी नेमलंच नाही. म्हणून कर्वेनगरच्या या शाळेची घंटा अजून मीच देतो.

*

आमच्या शाळेत एकाच व्हरांड्यात दोन प्रकारचे शिक्षक आहेत. काहींचा पगार सरकार देतं. काही विनाअनुदानित, म्हणजे त्यांच्या तुकडीला सरकारनं अजून अनुदान दिलेलं नाही. गायकवाड सर या दुसऱ्या प्रकारातले. गणित शिकवतात, आणि असं शिकवतात की मी झाडू हातात धरून दारात थांबतो.

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, विनाअनुदानित म्हणजे काय?"

सर म्हणाले, "लग्नाला बोलवायचं, पण पंगतीत पान मांडायचं नाही."

*

घर चालवायला सर संध्याकाळी हिंजवडीच्या कंपन्यांची कॅब चालवतात. एकदा त्यांचाच जुना विद्यार्थी गाडीत बसला. गळ्यात कंपनीचं कार्ड, कानात हेडफोन. आरशात बघून दचकला.

"सर, तुम्ही?"

सर म्हणाले, "बेल्ट लाव."

*

यंदा शिक्षक संघटनेनं संपाची नोटीस दिली. मागणी एकच, विनाअनुदानित शिक्षकांना पगार. तिकडे कॅबच्या मालकानं गायकवाड सरांना सांगितलं होतं, "दिवसभर गाडी चालवणार असाल तर सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघतो." सरांनी त्याच्याकडून मुदत मागून घेतली. सरकार काय म्हणतं ते बघून शाळा ठेवायची की सोडायची, ते ठरवणार होते.

गेटवर एक पालक तावातावानं जोशी बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना म्हणाले, "सरकारनं यांच्याशी बोलूच नये! आज हे धमकी देतायत, उद्या रिक्षावाले देतील, परवा दूधवाले!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे आपलं. मग गणिताला दूधवाला पाठवू का?"

 जाताना ते गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मामा, खरं सांगा, संप नक्की आहे ना? गावाची तिकिटं काढायचीत."

*

मग शिक्षण खात्याचे एक साहेब चौकशीला आले. संपावर कोण कोण जाणार, एकेकाला विचारत होते. गायकवाड सरांना दम दिला, "संपावर गेलात तर पगार कापू!"

सर म्हणाले, "कापा की. पण कापायला आधी द्यावा लागेल."

साहेबांनी चष्मा काढला. संशयानं विचारलं, "पगार नाही, मग रोज येता कशाला?"

सर खडू उचलून वर्गावर गेले. मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

*

शेवटी सरकारनं चर्चेला बोलावलं. संघटनेचे नेते आमच्याच शाळेचे देशमुख सर. त्यांना दर महिन्याला पगार मिळतो. इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईला गेले. स्टाफरूममध्ये वाद पेटला, संपाची नोटीस आली म्हणून सरकारनं बोलावं का? मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, बोलावंच. संपाची वाट न बघता बोलावं. पण ज्याच्या ताटात काही नाही त्याला आत बसवावं, आणि दार उघडं ठेवावं. बंद दारावर माझा विश्वास नाही.

दुपारी देशमुख सरांचा फोन आला. बाईंनी स्पीकर लावला.

"चर्चा अत्यंत सकारात्मक! मंत्रिमहोदय स्वतः दारापर्यंत सोडायला आले!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गायकवाड सरांनी फोनजवळ तोंड नेलं. "सर, चहाबरोबर काय होतं? बिस्किटं की काजू?"

"काजू! अहो, बदामसुद्धा!"

गायकवाड सर खुर्चीत मागे टेकले. "मग कठीण आहे. काम करायचं असलं की बिस्किटं देतात."

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर देशमुख सर पेढे घेऊनच स्टाफरूममध्ये आले. संप मागे घेतला का, असं जोशी बाईंनी विचारलं.

"मागे नाही, बाई. स्थगित! मागे घेतला म्हणजे आपण हरलो. स्थगित म्हणजे आपण जिंकलो, फक्त थोडं थांबलोय."

"आणि पगाराचं काय?"

"त्यासाठी समिती नेमली! एवढंच नाही," देशमुख सरांनी कॉलर नीट केली, "समितीवर आपला माणूस घेतलाय. मी स्वतः!"

पुन्हा टाळ्या. मी पेढ्यांचं खोकं फिरवत होतो. घंटा झालेली होती, गायकवाड सर नववीच्या वर्गाकडे निघाले होते, ते दारातच थांबले. एका हातात खडू, एका हातात पेढा. त्यांचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"कधीपासून, सर?"

देशमुख सर खुलून हसले.

"सोमवारपासून! गाडी पाठवणार आहेत मला न्यायला."

गायकवाड सरांनी पेढा खोक्यात परत ठेवला. खडू माझ्या हातात दिला. नववीची मुलं वर्गाच्या दारातून डोकावून बघत होती. सर त्या बाजूला वळले नाहीत. जिना उतरले, आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कॅबकडे चालत गेले.