आखाजीच्या क्लबचं दार

धुळ्यात ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो, तो आधी टायपिंग क्लास होता. मालकांना सगळे नाना म्हणायचे. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा त्यांनी टाइपरायटर विकले, कॉम्प्युटर घेतले, फोनला मोडेम जोडला आणि खानदेशी माणसांसाठी इंटरनेटवर चर्चेचा एक फळा काढला. तो बांधला मी. मी जळगावचा असल्याने धुळ्यात कोणी माझं कौतुक करेल अशी धास्ती नव्हती.

फळा म्हणजे एकच लांबलचक पान. रोमन अक्षरांत मराठी किंवा अहिराणी लिहायची, खाली दुसऱ्याने उत्तर द्यायचं. लिहिणारे पुण्यामुंबईचे नोकरदार, सुरतेला गेलेले, थेट मस्कतला पोचलेले. कोणी कापसाचा भाव विचारी, आणि लगेच खाली भरताला वांगी हिरवी की जांभळी यावर जुंपलेली असे. भाव विचारणारा बिचारा वांग्यांखाली गाडला जायचा.

नानांनी तोडगा काढला. "गल्लीत ज्याला हौस तो मंडळ काढतो आणि तोच सांभाळतो. इथेही तसंच करून टाक." म्हणजे कोणाही सभासदाने क्लब काढावा, तोच त्याचा चालक. विषय त्याचा, भांडणंही त्याचीच. वांग्यांची भांडणं सोडवून मी इतका विटलो होतो की मला ही कल्पना फारच आवडली. नानांनी त्यात स्वतःची एक भर घातली, चूलबंद आवतणाचं बटण. लग्नकार्यात चूलबंद आवतण मिळालं की घरातल्या झाडून सगळ्यांनी जेवायला जायचं, घरची चूल पेटवायचीच नाही. हे बटण दाबलं की क्लबचं बोलावणं सगळ्या सभासदांना एकदम जायचं.

ज्याने त्याने ते दाबलं. आणि आवतण आल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा होता. क्रिकेटचा क्लब निघाला, पत्त्यांचा निघाला, कापसाचा निघाला, आणि प्रत्येकात तेच सगळे लोक आणि तीच वांगी. एक ना धड भाराभर चिंध्या. बटण काढून टाकू या, असं मी चिडून म्हणालो. नाना म्हणाले, "लोकांना आवतण देऊ नका असं कोणत्या तोंडाने सांगायचं?"

त्याच सुमारास सुरतेहून एक ईमेल आला. लिहिणारी बाई आमची सभासद होती, फळ्यावर क्वचितच बोलायची. माहेर पारोळ्याचं. नवऱ्याच्या दुकानातला कॉम्प्युटर दुपारी मोकळा असला की लिहायची. तिने अहिराणीत मोजकंच लिहिलं होतं: "माले एक क्लब काढना शे. आखाजीना. ज्या पोरीस्ले लेवाले कोनी येत नही, त्यास्नाकरता. पन त्याले दार पाहिजे. मी बोलावसू तीच मझार येई." म्हणजे ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशा पोरींसाठी, आणि ती बोलावेल तीच आत.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशात तेव्हा लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. पण लेक, अहिराणीत आंडेर, आपली आपण बसमध्ये बसून येत नाही. माहेरचा कोणीतरी, बहुधा भाऊच, मुराळी होऊन तिला घ्यायला जातो. तो सासरच्या ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि सगळी गल्ली बघते की हिला न्यायला माणूस आला. सणाचा अर्धा मान त्या बसण्यात असतो. सुरतेच्या बाईचे आईवडील गेले होते आणि तेव्हापासून तिला न्यायला कोणी आलं नव्हतं.

नाना आधी नाहीच म्हणाले. दार आलं की कुजबुज आली, आणि कुजबुज आली की फळा फुटला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मात्र क्लास उघडता उघडताच बोलले, "पोरी झोक्यावर काय गातात ते ऐकायला बाप्यांनी थांबायचं नसतं. लाव दार."

मी दार लावलं. बाहेरून फक्त क्लबचं आणि चालकाचं नाव दिसायचं. परक्या माणसाने टिचकी मारली की ओळ उमटायची: तुम्हाला आवतण नाही. आत यायची विनंती चालकाकडे जायची आणि तिची एक प्रत माझ्याकडे यायची. त्या प्रती भराभर येऊ लागल्या. मस्कतहून आली, पुण्याहून आली, पार नागपूरहून आली. न्यायला कोणी येत नाही अशा इतक्या जणी असतील असं मला वाटलं नव्हतं, आणि ते कळल्यावर बरंही वाटलं नाही. मला आत जाता आलं असतं. मी गेलो नाही. त्यात सभ्यपणा थोडा आणि दुसऱ्याच्या दुःखाचा कंटाळा जास्त.

फळ्यावरचा सर्वांत बोलका सभासद होता पारोळ्याचा एक बियाण्यांचा दुकानदार. माल न्यायला धुळ्याला आला की आमच्याच कॉम्प्युटरवर बसून वांग्यांवर लिहायचा. सुरतेची बाई त्याची थोरली बहीण. आखाजी जवळ आली होती तेव्हा तो असाच आला, त्याला नवा क्लब दिसला, बहिणीचं नाव दिसलं, त्याने टिचकी मारली. तुम्हाला आवतण नाही.

त्याच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की शिकायला बसलेली सगळी मुलं माना वळवून बघू लागली.

"मना बहीनना क्लबमा मालेच दार बंद! नाना, हाई काय शे?"

"दार तिचं आहे," नाना म्हणाले. "आम्ही फक्त बिजागऱ्या बसवल्या."

"मी दरसाल तिले फोन करस. अक्का, ये म्हनस. ती येत नही. आनि आठे दार लाईसन बठनी!"

ईमेलात काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण ते सांगणं आमचं काम नव्हतं. मी खाली मान घालून कीबोर्ड पुसू लागलो. नाना एरवी क्लासमध्ये छापील मराठी बोलायचे, पण या वेळी अहिराणीवर आले.

"तिले लेवाले कोन जास?"

"लेवाले?" भाऊ गोंधळला. "फोन करस ना मी. सुरतथून बस थेट धुळे येस. तिले बसमा बसता येत नही का?"

"आंडेर फोनवर येत नही, भाऊ. तिले लेवाले जानं पडस."

भाऊ वांग्यांवरचं लिखाण अर्धवट टाकून, नमस्कारही न करता निघून गेला. नानांनी एक सभासद घालवला असं मला वाटलं आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी तो परत आला. खांद्याला दोन पिशव्या, घामाने शर्ट चिकटलेला. मागे पदर सावरत एक बाई. सुरतेहून धुळ्यापर्यंत आले होते, पुढे पारोळ्याची बस धरायची होती. "अक्काले आठे घटकाभर काम शे," तो म्हणाला आणि आत येऊ लागला. नानांनी त्याला बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. तो निमूट बसला.

बाई माझ्या खुर्चीवर बसली. मी उठून खिडकीशी गेलो. ती बराच वेळ टाइप करत होती, मध्येच थांबून डोळे पुसत होती. मग तिने मला हाक मारली.

"भाऊ, हाऊ क्लब दुसरीले देता येस का? मस्कतनी बाई शे, तिले दी टाका. आनि माले काढी टाका."

मला कळेना. "अहो, क्लब तर तुम्हीच काढलाय."

"हां, पन नियमबी मनाच शे. ज्यास्ले लेवाले कोनी येत नही, त्यास्नाकरता." तिने दाराबाहेर बाकाकडे पाहिलं. "माले लेवाले उना ना आते मना भाऊ."

क्लब दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय मी केलीच नव्हती. चालक स्वतःहून क्लब सोडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष कधी खुर्ची सोडतो का? मी सर्व्हरवरच्या यादीत हातानेच बदल केला. तिच्या जागी मस्कतच्या बाईचं नाव घातलं आणि तिचं काढून टाकलं.

तिने स्वतः टिचकी मारून खात्री करून घेतली. तुम्हाला आवतण नाही. ती ओळ तिने दोनदा वाचली. हसली, आणि डोळ्यांना पदर लावला.

"बेस शे," म्हणाली आणि बाहेर गेली.

"काय करी ऱ्हायनी व्हती इतला येळ?" भावाने विचारलं.

"काही नही. चाल."

फळा पुढे काही वर्षं चालला. आखाजी जवळ आली की नाना सकाळी आल्या आल्या मला विचारायचे, सुरतेहून आत यायची विनंती आली का. मी प्रती उघडून बघायचो. पुण्याहून आलेली असायची, नागपूरहून आलेली असायची. सुरतेहून नसायची. मग नाना "बरं" म्हणून कामाला लागायचे, आणि पारोळ्याचा भाऊ यंदाही सुरतेला गेला हे आम्हाला कळायचं.