दिसते ती धार नव्हे

"दिसती ती धार नसती," असं म्हणून काका चाकू उन्हाकडे धरायचे आणि एक डोळा मिटायचे. पात्याच्या कडेवर पांढरी रेघ चमकली की चाकू बोथट. काहीच दिसलं नाही तर धार शाबूत आहे असं समजायचं.

नव्वद सालाच्या आसपास ते नाशिक रोडला, आमच्या कॉलनीत तळमजल्यावर, लेकीकडे राहायला आले. मूळचे कळवणकडचे, सगळा जन्म फिटर म्हणून गेलेला. अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. माणूस निवृत्त होतो, हात होत नाहीत. कॉलनीतल्या विळ्या, सुऱ्या, कात्र्या त्यांच्या ओट्यावर जमायच्या. धार लागली की नाही हे ते डाव्या हातावरचे केस काढून बघत, त्यामुळे त्यांचे दोन हात दोन वेगळ्या माणसांचे वाटत.

चाकू मात्र ते कुणाच्या हातात देत नसत. हातातून हातात दिला की भांडण होतं म्हणे. ओट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "खाली ठिवलाय. ज्याला पायजे तो उचलील."

आमचं भांडण त्याआधीच झालं होतं. माझा धाकटा भाऊ माझ्याशी भांडून घर सोडून गेला, तो काका येण्याच्या दोन वर्षं आधी. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं मीच म्हणालो होतो. त्यानं एवढं एकच माझं ऐकलं; पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. त्याचा घडीचा चाकू खिडकीच्या फळीवर राहिला.

आईनं तो कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची म्हणून चाकू बाहेर निघे. काका त्याला धार लावून देत, पूजा होई, चाकू परत कपाटात जाई. पुढच्या वर्षी काढावा तर बोथट!

"येऊन वापरून जातो तो," आई शांतपणे म्हणायची. आमच्या अंगावर काटा यायचा. माझी बायको तर भर दुपारीही त्या खोलीत एकटी जाईनाशी झाली.

एका वर्षी काकांनी मला थांबवून घेतलं. "हे बघ. रेघ मुठीपासून टोकापर्यंत सारखी हाय. वापरलेला चाकू असा जात नाय. तो पोटात, म्हंजी मधी, झिजतो. हा कुणीतरी पायरीवर घासलाय."

कुणी, ते विचारायची गरज नव्हती. "मग आईला सांगा ना," मी चिडून म्हणालो.

"काय सांगू? तिच्या घरी दरसाल पोरगं येऊन जातं. मला धार लावायला काय लागतं?"

आणि ते कामाला बसले. आधी खरखरीत दगड, त्यावर पाणी. दुसऱ्या बाजूला नखाला अडेल अशी बारीक कड उठली की पातं पालटायचं. मग मऊ दगड, शेवटी कातड्याचा जुना पट्टा. खोट्या बोथटपणाला त्यांनी खरी धार लावली, कुठेही हात आखडता घेतला नाही.

काही वर्षांनी आई गेली, ऐन दिवाळीत. तेराव्यानंतर मी चाकू पाहिला होता. रेघ नव्हती. कपाट लावलं, किल्ली माझ्या खिशात ठेवली. पुढच्या खंडेनवमीला रीत म्हणून कपाट उघडलं. चाकू खिडकीकडे धरला. पांढरी रेघ!

मी तसाच खाली गेलो. काकांची नजर अधू झाली होती. त्यांनी पातं बराच वेळ उन्हात फिरवलं, मग नाकाशी नेलं, आणि चटका बसावा तसं ओट्यावर ठेवलं.

"हा घासलेला नाय," ते म्हणाले. "पोटात झिजलाय. कैरी कापलीय."

मुठीजवळ काळे डाग होते, ते मीही पाहिले. माझा भाऊ खिडकीत बसून कैरी कापायचा, मीठ लावून खायचा. हे मी काकांना कधीच सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असेल, म्हातारा आता मलाही सांभाळून घेतोय, असं मी मनाला बजावलं. पण ते पुन्हा चाकूला हात लावेनात. मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला.

"या वक्ताला मी नाय लावणार," काका म्हणाले. "बस इथं. तू लाव."

माझं पातं सारखं आडवं पडायचं. "मनगट नको हलवू, खांदा हलव," ते सांगत राहिले. संध्याकाळपर्यंत रेघ गेली.

त्या थंडीत काका कळवणला गेले ते परत आले नाहीत. गेल्याचा निरोपच आला. लेकीनं त्यांचे दोन्ही दगड मला दिले.

कपाटाला आता कुलूप नसतं. दर खंडेनवमीला चाकू उन्हात धरतो, रेघ दिसते, मी दगड भिजवतो. पूजा झाली की चाकू खिडकीच्या फळीवर ठेवतो, शेजारी चिमूटभर मीठ. तोंड दाखवू नकोस असं मीच त्याला म्हणालो होतो. म्हणून मग खिडकीकडे पाठ करून बसतो आणि मोठ्यानं सांगतो, "खाली ठेवलाय रे."