जुरेमाने तोंड मिटलं

जुरेमा एकतीस वर्षांची झाली तरी अपंगांना दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात तिला 'सोनुली' म्हणत. याचा तिला भयंकर राग येई. भरवणारी क्लेउसा तर तिच्याहून चार वर्षांनी लहान. "आ कर सोनुली, विमान आलं बघ," म्हणत ती चमचा पुढे करी. जुरेमाला आ करावाच लागत नसे. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, तेव्हापासून हातपाय ताठ, बोलणं नाही, आणि जबडा मात्र सैल. तोंड सदा उघडंच. उघड्या दारातून कोणीही आत शिरावं तसा चमचा आत शिरे.

डोकं शाबूत होतं. रेडिओवरचे फुटबॉलचे सामने ती शेवटच्या शिट्टीपर्यंत ऐके आणि आपला संघ हरल्याचा राग दोन दिवस धरून बसे. 'हो'साठी डोळे वर करी. 'नाही'ची खूण कोणी ठरवलीच नव्हती. मान तर आपली आपणच हलायची, तिचं कोण मनावर घेणार? ज्याला फक्त 'हो' म्हणता येतं त्याला लोक गुणी म्हणतात. जुरेमा फार गुणी होती.

ब्राझीलमधल्या पराईबा नदीकाठच्या त्या गावात बुधवारी काळा घेवडा आणि डुकराचं मांस घालून फेजोआदा शिजते, केंद्रातही शिजे. सोबत भात, भाजी, संत्र्याच्या फोडी. जुरेमाचं ताट संत्र्यासकट मिक्सरमध्ये जाई आणि राखाडी लगदा होऊन बाहेर येई. खुर्चीला कार्ड टांगलेलं होतं: 'पातळ अन्न'.

आई, दोना तियाना म्हणजे तियानाबाई, शाळेत पोरांसाठी रांधून निवृत्त झालेली. शेजारच्या शहरातल्या दंतमहाविद्यालयात सैल जबड्यावर विजेचे उपचार चालतात असं कळल्यावर तिने जुरेमाला तिथे नेलं. गालांवर आणि कानशिलांवर चकत्या चिकटवून मंद वीज सोडत. चावायचे स्नायू आपोआप आवळत, सैल पडत. आठवड्यातून दोनदा, दोन महिने. "मुंग्या येतात का हो?" असं तिथल्या डॉक्टर मार्लेनेबाई विचारत, आणि जुरेमालाच विचारत, आईला नव्हे.

आधी झोपेत जबडा लोंबायचा, जीभ मागे पडायची, श्वास अडायचा. जुरेमा पुन्हापुन्हा दचकून उठे आणि दिवसभर पेंगे. पेंगणारं माणूसही गुणीच दिसतं. आता ती सलग झोपू लागली. दिवसा टक्क जागी राहू लागली आणि चमच्यात काय आहे ते नीट बघू लागली.

शेवटी गिळण्याची तपासणी करून डॉक्टरांनी पत्र दिलं: ताठ बसवून मऊ पदार्थाचे लहान घास चावायला द्या. केंद्रप्रमुख दोना इओलांदांनी ते फाइलला लावलं. कार्डं बदलायची ती जानेवारीत, आणि हा होता मे. घरीही काही वेगळं नव्हतं. जुरेमाच्या सातव्या वर्षी पावाचा तुकडा घशात अडकून ती निळी पडली होती. ते तियानाच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं, म्हणून घरचा मिक्सरही चालूच होता.

त्या बुधवारी लगद्याचा चमचा आला आणि जुरेमाने तोंड मिटलं. दातावर दात, ओठावर ओठ. चमचा ओठांवर आपटला. आपल्याला हे जमतं याचं नवल खुद्द तिलाच वाटलं. गुरुवारीही तेच. घरी तियानाने केलेल्या सुपालाही तेच. स्ट्रॉने दूध तेवढं ओढी.

शुक्रवारी दुपारी इओलांदांनी तियानाला बोलावून कागद पुढे केला. "पोटाला भोक पाडून नळी बसवावी लागेल. सही करा."

"आणि डॉक्टरांचं पत्र?"

"जानेवारीत बघू. प्रयोग त्यांचे, जबाबदारी आमची. गुदमरली तर तुम्हीच भांडायला याल."

"वागणंच बिघडलंय तिचं," क्लेउसा म्हणाली. "आधी किती गुणी होती."

तियाना लेकीकडे वळली. "जुरे, नळी घालू देऊ का यांना?"

डोळे वर गेले नाहीत. ते आईवर रोखलेले होते, आणि तोंड घट्ट बंद.

"नाही म्हणतेय ती," तियाना म्हणाली.

"मला नाही ऐकू आलं काही," इओलांदा म्हणाल्या.

"मला तरी एकतीस वर्षांत कुठे आलं होतं?"

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि उकडलेला मांडिओकाचा कंद आणि थोडी भाजी बशीत घेऊन आली. जुरेमाला ताठ बसवलं. कंदाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तिच्या दाढेवर ठेवला. इओलांदांनी फोन हातात धरून ठेवला होता, रुग्णवाहिकेसाठी. जबडा हलला. थांबला. पुन्हा हलला. बराच वेळ चाललं ते. मग गळा वरखाली झाला आणि डोळे वर गेले.

दुसरा तुकडा. तिसरा. चौथ्याला तियानाने बशीतल्या भाजीतली शुशूची फोड दिली. ही पाणचट फळभाजी पोटाला हलकी म्हणून तिने लेकीच्या लगद्यात रोज न चुकता घातली होती. जुरेमाने ती दोनदा चावली, जिभेने बाहेर ढकलली आणि तोंड मिटलं.

"आवडत नाही?"

डोळे वर.

"कधीच आवडलं नाही?"

डोळे वर.

तियानाने उरलेल्या फोडी बशीच्या कडेला सारल्या. "रोज," ती म्हणाली. "अगं, मी रोज घालत होते."

इओलांदांनी सहीचा कागद उचलून फाइलमध्ये ठेवला आणि जानेवारीबद्दल काहीतरी पुटपुटल्या. कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. क्लेउसाने कंदाचा तुकडा काट्याला लावला. तिच्या तोंडी विमानाचं नाव येता येता राहिलं.

"ताई," ती म्हणाली, "अजून एक देऊ?"

जुरेमाने तिला जरा ताटकळत ठेवलं. मग स्वतःहून आ केला.